जागा सोडायची नाही

ए आई,

उद्या तुझं वर्षश्राद्ध. आत्या सकाळपासून स्वयंपाकघरात भांडी आपटतेय, अण्णा पत्रावळ्या आणायला नारायणगावला गेलेत, आणि मी चिऊच्या गोष्टींच्या वहीतल्या मागच्या कोऱ्या पानांवर तुला लिहितेय. घरात दुसरी वही नव्हती असं नाही. पण सगळा घोळ या वहीनं घातलाय, म्हणून याच वहीत.

परवा संध्याकाळी आपली चिऊ थोडक्यात वाचली. आत्या उद्या पानापुढं उभी राहून तुला तिखटमीठ लावून सांगेलच. त्याआधी माझ्याकडून ऐक. चूक माझी आहे. आत्याची नाही, अण्णांची नाही, आणि सहा वर्षांच्या पोरीची तर नाहीच नाही.

तू मला गोष्टी कशा सांगायचीस, आठवतं? भाकरी थापता थापता. आणि तुझ्या गोष्टीत शेवटी कुणीतरी मरायचंच! शेळी वाट चुकली की संपली. धाकटी राणी विहिरीत पडली की पडली, वर यायची नाही. मी रडायचे, "आई, तिला वाचव ना!" तू भाकरी उलटायचीस आणि म्हणायचीस, "खाल्लं म्हंजी खाल्लं. आता पोटातनं कशी काढू?" कसली आई होतीस गं तू! शेजारच्या पोरींच्या आया गोष्टीत साखर घालायच्या आणि तू मीठ.

एकदा अण्णा तुला म्हणाले होते, "अगं, पोर घाबरंल." तू म्हणालीस, "घाबरू द्या की. तिला उसाच्या कडंनं एकटीला शाळंला जायाचंय. न घाबरणारं पोर मला नगं." मी तेव्हा गोधडीत तोंड खुपसून ठरवलं होतं, मी मोठी झाले की असल्या गोष्टी कुण्णाला सांगणार नाही.

आणि ठरवलं ते केलंच मी. तुझीच पोर ना!

तू गेलीस त्या दिवसाबद्दल लिहायचं नव्हतं. पण त्याच्याशिवाय पुढचं सांगता येत नाही. त्या आठवड्यात मोटारीची थ्री फेज लाईट दिवसाची होती आणि कांद्याला पाणी द्यायचं होतं. तू बांधावरनं हाक मारलीस, "प्राजे, मोटार चालू कर गं!" मी ओट्यावर फोन घेऊन बसले होते. म्हणाले, "पाच मिनिटं थांब ना!" तुला कधी पाच मिनिटं थांबता आलंय का? चिऊ तुझ्या पायात घुटमळत होती. तू टोमॅटोचं एक निळं कॅरेट बांधावर ठेवलंस, तिला त्यात बसवलंस आणि म्हणालीस, "हितंच बस. जागा सोडू नको. मी आलेच." आणि विहिरीकडं गेलीस. स्टार्टरच्या पेटीतली ती उघडी वायर. अण्णा आठ दिवस नुसते म्हणत होते, टेप लावतो, टेप लावतो.

मी फोनवर काय बघत होते माहितीये? एक मुलगी केसांना क्लिपा कशा लावायच्या ते दाखवत होती.

शेजारच्या रशीदचाचांनी त्यांच्या पिकअपमधून तुला दवाखान्यात नेलं. तेच पिकअप, ज्यातनं आपला माल मार्केटला जातो. चिऊ तेवढा वेळ कॅरेटमध्ये बसून होती. कुणाच्या लक्षातच नव्हतं ती. शेवटी चाचीनं तिला उचललं आणि आपल्या घरी नेलं. रडत नव्हती म्हणे. फक्त मान वळवून विहिरीकडं बघत होती.

तेव्हापासून अण्णा आणि मी एकमेकांकडं नीट बघत नाही. ते वायरीचा विचार करतात, मी पाच मिनिटांचा. दोघंही बोलत नाही. जेवताना ताटात बघतो आणि आत्या म्हणते, "काय ह्यो बापलेकीचा जेवणाचा सोहळा!"

तेराव्याला बायका चिऊच्या गालांवरनं हात फिरवायला लागल्या. "आई देवाघरी गेली बरं का बाळा." मी सगळ्यांसमोर ओरडले, "गप बसा सगळ्या! चालत्या व्हा!" वारूळवाडीची मामी तर अजून आपल्याकडं पाणी प्यायला येत नाही. चिऊनं मला विचारलं, "ताई, आई कुठाय?" आणि मी म्हणाले, "येणारे."

एवढा एकच शब्द, आई. तिथून सगळं सुरू झालं.

कॉलेजला जाईना झाले मी. गेले त्या दिवशी एक पोरगी म्हणाली, "आता तूच चिऊची आई." तिच्या कानाखाली वाजवली मी. प्राचार्यांनी अण्णांना बोलावून घेतलं. अण्णा तिथं टोपी हातात धरून उभे राहिले, मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं! मग मी सकाळी चिऊला शाळेत सोडायचे आणि तिथंच व्हरांड्यात बसून राहायचे. तिच्या बाईंनी मला हाकललं नाही. त्यांनी मला पुस्तकांची पेटी दिली. "बस हितं. फाटलेली पुस्तकं चिकटव, पोरांना वाचून दाखव."

मी ती पुस्तकं वाचली आणि माझं डोकंच फिरलं. तुझ्यावर कडी! पानापानावर कुणीतरी मेलेलं. आई मेलेली, सावत्र आई आलेली, कोंबडी खाल्लेली, बकरं पळवलेलं. आणि समोर कोण बसलंय? पहिलीतली पोरं, ज्यांच्या वस्तीवरनं वाघ, म्हणजे उसातला बिबट्या, आठवड्याला एक कुत्रं नेतोय! ज्यांना पाच वाजले की दार लावून घरात कोंडतात. म्हटलं, एवढं बाहेर चाललंय, ते आत पुस्तकातपण कशाला? कुठंतरी एक जागा अशी नको का, जिथं कुणाला काही होत नाही?

मग मी दुरुस्तीला लागले. पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या कापायचे, नको त्या ओळीवर चिकटवायचे आणि वर छापल्यासारख्या अक्षरात नवी ओळ लिहायचे. दोन महिन्यांत अर्धी पेटी झाली. एकही आई शिल्लक ठेवली नाही मेलेली!

एक दिवस एका पोरीनं वर्गात मोठ्यानं वाचलं, "कोल्ह्याला भूक लागली होती. कोंबडी मामाच्या गावाला गेली." आणि बाजूच्या चित्रात कोल्हा ढेकर देत बसलेला, तोंडाभोवती सगळी पिसं! पोरं हसून हसून लोळली. बाईंनी पुस्तक हातात घेतलं, पट्टीवरनं बोट फिरवलं, माझ्याकडं बघितलं.

"हे अक्षर तुझं ना?"

"हो."

"प्राजक्ता, ओळ झाकलीस. चित्राचं काय करणार?"

मला वाटलं, ओरडतील. नाही ओरडल्या. म्हणाल्या, "पोरं चित्र बघतात गं. त्यांना कळतं. फक्त आपण सांगितलं न्हाई, तर ती आपल्या मनानं जोडतात. आणि ते जोडलेलं आपल्याला दिसत न्हाई." मी तोंड वाकडं केलं. यांना काय कळतंय, असं वाटलं मला. तेव्हा ते वाक्य डोक्यात शिरलं असतं तर!

मग आपला शेरू कुत्रा गेला. आपल्या गोठ्यासमोरनं, भर दुपारी. साखळी तशीच, पट्टा तुटलेला, आणि उसाच्या कडेला फरफटत नेल्याची खूण. मी चिऊ शाळेतनं यायच्या आत झाडू घेऊन ती खूण पुसली. तिला सांगितलं, शेरूला रशीदचाचांच्या कोंबड्या राखायला ठेवलंय. तिकडं लांब, दुसऱ्या शेडवर. ती लगेच म्हणाली, "मग त्याला भाकरी कोण देतं?"

रोज अर्धी भाकरी फडक्यात बांधून ती चाचांना द्यायची. आणि चाचा घ्यायचे! एकदा मला वाटेत थांबवलं त्यांनी. "बेटा, मी किती दिवस खोटं बोलू? पोरगी माझ्या डोळ्यात बघून विचारती, शेरूनी खाल्ली का म्हनून. मला न्हाई जमत. लई जड जातंय." मी म्हणाले, "थोडे दिवस, चाचा." ते बिचारे मान हलवून गेले.

त्यांच्याकडनं आणखी एक कळलं, पण मला त्याचा अर्थ लागला नाही. चिऊ चाचीच्या हातचं काही खात नव्हती. शिरखुर्मा दिला तर वाटी तशीच ठेवून आली. चाची जवळ आली की ही चार पावलं मागं. चाची रडली म्हणे, "मी पोरीचं काय वाईट केलं?" मी म्हटलं, लहान आहे, लाजत असेल. काय काय दिसत होतं मला, आणि मी काय काय झाकत होते!

आता पिल्लांचं सांगते.

तू गेल्यावर दीड महिन्यानं पलीकडच्या मळ्यातला ऊस तुटायला लागला. तोडकऱ्यांना सरीत दोन पिल्लं सापडली. बिबट्याची, मांजराएवढी, डोळे नुकते उघडलेली. अख्खी वस्ती बघायला. मी चिऊला कडेवर घेऊन गेले. वनखात्याची माणसं आली आणि त्यांनी काय केलं? टोमॅटोचं कॅरेट मागितलं! आपलंच दिलं अण्णांनी, निळं. त्यात पिल्लं ठेवली आणि जिथं सापडली अगदी त्याच सरीत ते कॅरेट नेऊन ठेवलं. त्यांतला एक गार्ड सगळ्यांना सांगत होता, "चला, लांब व्हा. माणसं असली की आई येत न्हाई. पिल्लं जिथं सुटली तिथंच ती शोधती. जागा बदलली की संपलं." दुसऱ्या दिवशी सकाळी कॅरेट रिकामं होतं. आई येऊन घेऊन गेली होती.

चिऊनं टाळ्या वाजवल्या नाहीत. हसलीपण नाही. घरी येईपर्यंत एकच विचारत होती, "त्यांना कुणी उचललं असतं तर?"

"तर आईला सापडली नसती."

"मग ती रडत परत गेली असती?"

"हो गं बाई."

मला वाटलं, वा! खरी गोष्ट, आपल्या रानातली, आणि कुणी मेलं नाही! त्याच संध्याकाळी मी या वहीत ती लिहिली. पिल्लांना नावं दिली, मऊ आणि गोलू. कॅरेटला खिडकी काढली. आणि शेवटी मोठ्या अक्षरात, लाल पेननं लिहिलं: "जागा सोडायची नाही. जागा सोडली नाही की आई येतेच." किती हुशार वाटलं मला स्वतःला!

वर्षभर रोज वाचली ती गोष्ट. चिऊला पाठ झाली. एखादा शब्द चुकला तर ती मला थांबवायची. शेवटचं वाक्य ती स्वतः म्हणायची, आणि म्हणताना माझ्याकडं नाही, दाराकडं बघायची.

आई, तुझं ते "हितंच बस, जागा सोडू नको, मी आलेच" मला माहीत नव्हतं गं! मी ओट्यावर होते, मला तुझं बोलणं ऐकूच आलं नव्हतं. ते फक्त चिऊला माहीत होतं. वर लिहिलंय ना मी, ते मला परवा तिच्याकडनं कळलं.

या महिन्यात मळ्याचा रंगच बदललाय. ऊस डोक्याच्या वर गेलाय, तोडणी अजून आपल्या रानापर्यंत आलेली नाही, आणि आजूबाजूचा तुटत आल्यामुळं जे काही आत होतं ते सगळं आपल्या उसात आलंय असं अण्णा म्हणतात. बिबट्या मान धरतो म्हणून बायका गळ्याला जाड पट्टे बांधून खुरपायला जातात. माणसं फोनवर गाणी लावून चालतात. गेल्या आठवड्यात पलीकडच्या वस्तीवरचं वासरू गेलं. अण्णा संध्याकाळी चारलाच कांद्यातनं उठतात आणि येताना काठी कॅरेटवर वाजवत येतात.

परवा मी साडेपाचला एसटीतनं उतरले. हो, कॉलेजला परत जायला लागलेय, तू चिंता करू नकोस. घरी आले तर आत्या लसूण सोलत बसलेली.

"चिऊ कुठाय?"

"तुला आणाया फाट्यावर गेली न्हाई? मला तर म्हणली, ताईला आणाया जाते."

मी फाट्यावरनंच आले होते, चिऊ तिथं नव्हती. मी घरात गेले. खाटेवर ही वही उघडी होती. मऊ आणि गोलूचं पान. शेजारी तुझा कंगवा, त्यात चिऊचे दोन केस, आणि पावडरचा डबा उघडा. मी बाहेर येऊन गोठ्यामागं बघितलं. कॅरेटची रास असते ना तिथं? वरचं एक नव्हतं. मातीत ओढत नेल्याची रेघ होती. बांधाकडं.

मी ओरडलेसुद्धा नाही.  पळत सुटले.

ती तिथंच होती, आई. त्याच जागी. विहिरीकडं तोंड करून, निळ्या कॅरेटमध्ये, गुडघे पोटाशी घेऊन. वाढदिवसाचा पिवळा फ्रॉक, पावडर थापलेली, केसांचा चुकीचा भांग. मागं दहा-बारा पावलांवर आपला ऊस. सूर्य गेला होता, उजेड थोडा उरला होता. तू मला शिकवलं होतंस ना, रानात खाली बसायचं नाही, बसलेलं माणूस त्याला शेळीएवढं दिसतं? चिऊला हे कुणी शिकवलंच नव्हतं. मी शिकवू दिलं नव्हतं! आत्यानं एकदा सुरुवात केली होती, तर मी तिलाच झापलं होतं, "पोरीला घाबरवू नकोस."

मला बघून चिऊनं तोंडावर बोट ठेवलं.

"शूऽऽ! ताई, लांब हो. माणसं असली की आई येत नाही."

"चिऊ, उठ."

"आलीये ती. मघाशी उसात वाजलं. मी हाक मारली, तर थांबली."

आई, वारा नव्हता. एक पान हलत नव्हतं. आणि उसाच्या कडेला एका ठिकाणी, फक्त एकाच ठिकाणी, चार-पाच पाती हळूच वाकली आणि पुन्हा सरळ झाली.

मी पाठ वळवली नाही. हे तुझंच शिकवलेलं. मी हात वर केले, उंच झाले, "हाऽऽ" करून ओरडले आणि तशीच पुढं सरकत चिऊला काखेत धरून उचललं. ती लाथा मारायला लागली. माझ्या हाताला चावली. पलीकडनं अण्णा काठी आपटत धावत आले, वाटेवर रशीदचाचांनी पिकअपचा हॉर्न दाबून धरला तो सोडलाच नाही. आणि त्या सगळ्या गोंधळात चिऊ किंचाळत होती, "परत उचललं! परत उचललं मला! आता ती कशी येणार?"

परत, म्हणाली.

घरात आणल्यावर तिनं हुंदके देत सांगितलं. तू तिला जागा सोडू नको म्हणाली होतीस. तिनं नव्हती सोडली. चाचीनं उचललं. तू आली असशील, कॅरेट रिकामं बघितलं असशील, आणि रडत परत गेली असशील. वर्षभर हे पोर हे घेऊन झोपत होतं, आणि मी तिला रोज वाचून दाखवत होते! बाई म्हणाल्या होत्या तसंच. तिनं आपल्या मनानं जोडलं होतं.

काल सकाळी वनखात्याचा तोच गार्ड आला. अण्णांच्या बरोबर मीही गेले. कॅरेट तसंच पडलं होतं. उसाच्या कडेला गवत दबलेलं, एवढं मोठं. तो उकिडवा बसला, बोटं लावून बघितलं आणि उठून म्हणाला, "हितं बसून व्हती. बराच वेळ. मादी हाय, बरोबर दोन मोठी झालेली पिल्लं." अण्णांनी विचारलं, "मागल्या वर्साचीच का?" तो म्हणाला, "आसंल बी. त्यांची जागा ठरलेली आसती." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "पोरगी हाक मारत व्हती म्हनून थांबली आसंल. गप बसली आसती तर काय सांगता येत न्हाई." पुढचे ठसे त्यानं बोटानं दाखवले. कॅरेटपासून चार पावलांवर होते, म्हणजे आम्ही गेल्यावर ती जवळ येऊन गेली होती.

अण्णांनी तिथं माझ्या पाठीवर हात ठेवला. वर्षात पहिल्यांदा. म्हणाले, "प्राजे, वायर मी लावायला पायजे व्हती." मी म्हणाले, "मोटार मी चालू करायला पाहिजे होती." बस, एवढंच. पण बोललो तरी!

काल दिवसभर चिऊ माझ्याशी बोलली नाही. आज दुपारी मी तिला विहिरीवर नेलं. अण्णा काठी घेऊन शेजारी, चाचा आणि चाची वाटेवर उभे. मी तिला स्टार्टरची पेटी दाखवली. आता नवीन आहे, कुलूप आहे. आणि सांगितलं. वर्षभर माझ्या तोंडून न निघालेला शब्द उच्चारला, आई. सांगितलं, "चिऊ, आई मेली. इथं. शॉक लागून. ती येणार नाही. मी खोटं सांगत होते." आणि हेही सांगितलं की तू मोटार चालू करायला मला सांगितलं होतंस आणि मी उठले नाही.

ती पेटीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "शेरूपण?"

"शेरूपण. वाघानं नेला."

"मग चाचा भाकरी कुणाला देत होते?"

मागून चाचा म्हणाले, "माझ्या कोंबड्यांना, बेटा. माफ कर." आणि डोळे पुसायला लागले.

मला वाटलं होतं, ती कोसळेल. ओरडेल, मला मारेल. मी तयार होते. तिनं बांधाकडं बघितलं, जिथं कॅरेट होतं तिकडं. मग माझा हात धरला, परवा चावली होती तोच, आणि हळूच विचारलं,

"म्हणजे मी जागा सोडली म्हणून नाही ना?"

नाही गं माझ्या चिऊ! नाही, नाही, नाही! मी किती वेळा म्हणाले मला माहीत नाही.  चाचीनं येऊन तिला जवळ घेतलं, आणि या वेळी ती मागं सरली नाही.

आई, मला वाटत होतं मी तिचं बालपण राखतेय. मी माझी पाच मिनिटं राखत होते. "येणारे" म्हटलं की तू गेलेली नसायचीस, आणि मी ओट्यावरनं न उठलेली नसायचे. तुझ्या त्या मीठ घातलेल्या गोष्टी मला आता कळतात. पण एक सांगू? थोडा राग अजून आहे. तू मला घाबरायला शिकवलंस, आणि स्वतः का नाही घाबरलीस त्या पेटीला? का नाही थांबलीस पाच मिनिटं?

उसाच्या कडेला आज पिंजरा लावलाय. आत वेगळ्या कप्प्यात शेळी बांधलीय. इथं बसून मला तिचं ओरडणं ऐकू येतंय. मघाशी थांबलं होतं, पुन्हा सुरू झालंय. चिऊ माझ्या शेजारी बसून विचारत होती, शेळीचं काय होणार? मी लिहिणं थांबवून तिला सांगितलं. मध्ये जाळी आहे, वाघ तिला धरू शकणार नाही, पण भीतीनं कधीकधी शेळी मरते. ती म्हणाली, "बरं." मग उठली, दार लावलं, कडी घातली, आणि कडी नीट बसली का ते ओढून बघितलं. पहिल्यांदाच, कुणी न सांगता.

घाबरलीय ती, आई. मी तिला घाबरवलं. तुला हवं होतं ना?

बाईंकडं जाऊन मी पट्ट्या काढायला लागणार आहे. काही पानं फाटतील, ती मी हातानं पुन्हा लिहीन, होती तशी. आणि तुला शब्द देते: चिऊला वाचून दाखवताना आता मी एकही मेलेली आई लपवणार नाही. वाचून झाल्यावर तिच्याजवळून उठणारही नाही, ती झोपेपर्यंत, कितीही वेळ लागो. आणि ती हाक मारेल तेव्हा पाच मिनिटं थांब म्हणणार नाही. कधीच नाही.

तुझी न उठलेली,
प्राजू